चेंडू जरा वर धर

विज्ञान केंद्रात चंद्रकलांचा प्रयोग मी अकरा वर्षं घेते आहे. अंधारी खोली, मधोमध एक बल्ब, प्रत्येक मुलाच्या हातात काडीवर खोचलेला थर्माकोलचा चेंडू. बल्ब सूर्य, चेंडू चंद्र, तुमचं डोकं पृथ्वी. हात लांब करून जागच्या जागी गिरकी घेतली की कोर, अर्धा चंद्र, पौर्णिमा ओळीने दिसतात. चंद्राचा निम्मा भाग सूर्यामुळे कायम उजळलेलाच असतो, आपल्याला त्यातला कमी-जास्त दिसतो, हे मुलं आपणहून बोलतात. पृथ्वीच्या सावलीने कोर होते हा मोठ्यांच्याही डोक्यात पक्का बसलेला समज इथे दोन मिनिटांत निघतो.

फक्त पौर्णिमेला अडतं. पाठ बल्बकडे झाली की डोक्याची सावली चेंडूवर पडते. तिथे आम्ही सगळेच म्हणतो, "चेंडू जरा वर धर." मुलं धरतात, चेंडू उजळतो, प्रयोग पुढे सरकतो.

परवा सातवीतल्या एका मुलाने धरला नाही. "ताई, खऱ्या चंद्राला कोण वर धरतं?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, म्हणून बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून नाहीतर खालून निसटतो. त्याने कोनमापक काढला, मित्राला तो डोळ्याशी धरायला लावला आणि मोजून ५ अंश हात वर केला. चेंडू जेमतेम ५ सेंटिमीटर चढला आणि सावलीतच राहिला.

"मग दर महिन्याला ग्रहण लागायला हवं."

त्याचं बरोबर होतं. मला क्षणभर काही सुचेना.

घोळ अंतराचा होता. आमची 'पृथ्वी' वीसेक सेंटिमीटरची आणि 'चंद्र' साठ सेंटिमीटरवर; खरा चंद्र मात्र ३,८४,४०० किलोमीटरवर, म्हणजे मध्ये तीस पृथ्व्या मावतील इतका लांब. पुस्तकातल्या आकृतीत तो पानावर मावावा म्हणून पृथ्वीला खेटून काढतात आणि खाली तसं एक ओळ लिहीतसुद्धा नाहीत. याचा मला मनापासून राग येतो.

मी ३० सेंटिमीटरचा पृथ्वीगोल टेबलावर ठेवला. या मापाने चंद्र ८ सेंटिमीटरचा आणि अंतर ९ मीटर. खोली पुरेना, दार उघडून व्हरांड्यात गेलो. इतक्या दूरवर पृथ्वीची गडद सावली २२ सेंटिमीटर रुंद उरते, आणि ५ अंश म्हणजे ८० सेंटिमीटर उंची. सावली त्याच्या पोटाशी, चंद्र डोक्याच्याही वर! तो हात उंच करून तसाच उभा राहिला आणि एकदम हसला.

मग त्याने चेंडू सावकाश खाली आणला. फिरता फिरता चंद्र दोन ठिकाणी पृथ्वीच्या कक्षेची पातळी ओलांडतो. त्या पातबिंदूंनाच राहू आणि केतू ही नावं आहेत. पौर्णिमा त्यांच्याजवळ आली तर चंद्रग्रहण, अमावास्या आली तर सूर्यग्रहण. एरवी चुकामूक.

तेवढ्यात त्यांच्या सरांनी हाक मारली. बाकीची चाळीस मुलं केव्हाच बसमध्ये बसली होती, "जरा वर धर" एवढंच ऐकून. त्यांच्या आधीच्या अकरा वर्षांतली मुलंही तेवढंच घेऊन गेली. सहकारी म्हणाला, लहान मुलांना एवढं खोलात कशाला? मला हे पटत नाही. प्रश्न लहान मुलानेच विचारला होता.

व्हरांड्याच्या फरशीवर ९ मीटरवर काढलेली खडूची खूण मी अजून पुसू दिलेली नाही.