टायमिंग कव्हरची पॅकिंग दुसऱ्यांदा बदलली

गेल्या महिन्यात आमच्या ट्रकची टायमिंग कव्हरची (इंजिनच्या पुढच्या बाजूचं, टायमिंग गिअरवरचं झाकण) पॅकिंग, म्हणजे जोडातून ऑइल गळू नये म्हणून बसवतात ती, परत बदलावी लागली. आधीची वर्षभरही टिकली नव्हती, आणि का टिकली नाही ते आत्ता कळलं म्हणून लिहितोय.

गाडी इंदूरच्या चोइथराम मंडीतून लसूण-बटाटा भरून धुळ्याला जाते, येताना मिळेल तो माल. बाबांच्या लक्षात आलं की जाताना डिपस्टिकवर फारसा फरक पडत नाही, पण येताना भरल्या गाडीनं वाटेतला भेरूघाट चढून इंदूरला पोचलो की पाव-अर्धा लिटर ऑइल कमी आणि इंजिनचं तोंड सगळं चिकट. मी म्हटलं बाबा, योगायोग असेल. तर म्हणाले, "अरे तीन खेपा झाल्या, लिहून ठेवलंय मी." खरंच डायरीत होतं.

गळतंय कुठून ते नुसतं बघून कळत नाही कारण पंख्याचा वारा ऑइल मागे उडवतो आणि अख्खं इंजिनच गळल्यासारखं दिसतं. डिझेलनं धुतलं, कोरडं पुसलं, पुढच्या जोडांवर टाल्कम पावडर उडवली आणि पंधरा मिनिटं चालू ठेवलं. टॅपेट कव्हर (इंजिनचं वरचं झाकण) कोरडं, क्रँकचं सील (क्रँक शाफ्ट बाहेर येतो तिथली ऑइल अडवणारी रिंग) कोरडं, पण डाव्या अंगाला खाली जिथं टायमिंग कव्हर, इंजिनचा ब्लॉक आणि चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) तिन्ही एकत्र येतात तिथून पांढऱ्या पावडरीवर एक काळी रेघ उतरत आली.

ट्रान्सपोर्ट नगरला एक म्हातारे मिस्त्री आहेत, बाबा त्यांना उस्ताद म्हणतात. रेडिएटर, पंखा, बेल्ट निघाले, क्रँक पुली पुलर लावून काढली, हातोडी नाही. बोल्ट काढायच्या आधी त्यांनी पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढला आणि जो बोल्ट जिथला तिथंच खोचला. लांबी वेगवेगळी असते ना, लांब बोल्ट आखूड भोकात गेला की तळाला टेकतो, आपल्याला वाटतं कसला गेला, आणि कव्हर ढिलंच राहतं.

कव्हर निघालं तर आत सिलिकॉनच सिलिकॉन. मागच्या वेळी ज्यानं काम केलं त्यानं पॅकिंगवर लाल सिलिकॉन भरभरून थापलेलं, जास्तीचं आत पडलेलं. उस्तादांनी चेंबर उतरवायला लावला आणि ऑइल पंपाची जाळी दाखवली, लाल शेवेचे तुकडे अडकावेत तसं दिसत होतं. अजून थोडं अडकलं असतं तर ऑइल वरच चढलं नसतं, बेअरिंग गेले असते, इंजिन गेलं असतं! मला खरंच घाम फुटला, आणि रागही आला.

मग त्यांनी ब्रीदरचा पाइप काढला. काळ्या गाळानं बंद. इंजिनवर जोर आला की पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं थोडा गॅस खाली उतरतोच, तो ब्रीदरमधून निघतो. वाट बंद असेल तर दाब वाढतो आणि जो जोड कमजोर तिथून ऑइल ढकलतो. म्हणून चढावरच गळत होतं. बाबांची डायरी बरोबर होती, मी उगाच योगायोग म्हणत होतो.

सगळ्यात जास्त वेळ घासण्यात गेला, जवळजवळ अख्खी दुपार. पितळी पट्टीनं, हळूहळू, चेंबरच्या तोंडावर कापड टाकून. ग्राइंडरची चकती लावू दिली नाही, त्याची बारीक भुकटी ऑइलमध्ये जाते आणि ॲल्युमिनियमच्या कव्हरला खड्डे पडतात. कव्हर उघडलंच आहे तर क्रँकचं सीलही नवीन टाकलं, त्याच्या ओठाला (आतल्या कडेला) ऑइल लावून. पॅकिंग कोरडीच बसवली, फक्त खालच्या दोन कोपऱ्यांत मुगाएवढं सिलिकॉन. बोल्ट आधी हातानं, मग समोरासमोरचे थोडे थोडे करून. 8 एमएमच्या बोल्टला साधारण 20 ते 25 न्यूटन मीटर पुरतं, तरी आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच धरा. रात्रभर तसंच सोडलं, सकाळी ऑइल-पाणी भरलं.

तेव्हापासून दोन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला गाडी रात्री साडेअकराला आली, बाबा टॉर्च घेऊन तसेच खाली वाकले आणि त्या डाव्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. बोटाला नुसती धूळ.