भरतीचं पाणी कुठवर: पॅराव्ह्यू, पायथन आणि १००० कॉलची मर्यादा

नवी मुंबईतल्या ऐरोली ते नेरुळ या पट्ट्यात खाडीला सलग जोडलेला सखल भाग किती आहे, ते मला पॅराव्ह्यूमध्ये (डेटा चित्ररूपात दाखवणारा प्रोग्रॅम) रंगवून दाखवायचं होतं. उंचीचा डेटा एसआरटीएमचा, म्हणजे अवकाशयानातून रडारने केलेल्या मोजणीचा, एक आर्कसेकंदाचा (अंशाचा ३६००वा भाग). आपल्या अक्षांशावर त्याचा एक सेल साधारण २९ बाय ३१ मीटर भरतो. त्यातून ४०० बाय ४०० बिंदूंचा तुकडा कापला. पॅराव्ह्यूच्या प्रोग्रॅमेबल फिल्टरमध्ये आपला पायथन कोड चालवता येतो. त्यातलं फंक्शन असं: खाडीतल्या बिंदूपासून सुरुवात, उंची २ मीटर किंवा कमी असेल तर खूण, मग चार शेजाऱ्यांसाठी तेच फंक्शन पुन्हा. दिसायला सुटसुटीत. चालवल्यावर मात्र रिकर्शनएरर: फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याची (रिकर्शन) मर्यादा संपली.

याचा हिशोब सोपा आहे. पायथनची मूळ मर्यादा एकात एक १००० कॉलची, म्हणजे १००० थर खोलीची, त्यातले काही थर पॅराव्ह्यूच्या स्वतःच्या फंक्शनांनी आधीच खाल्लेले. १००० सेल म्हणजे जेमतेम ०.९ चौरस किलोमीटर. समुद्राचं पाणी या डेटात ० मीटरवर सपाट केलेलं असतं, त्यामुळे बहुतेक कॉल खाडीतच खर्च होतात आणि वाशीच्या किनाऱ्याची धड रेघही उमटत नाही.

मर्यादेला हात लावण्याआधी एक चाचणी करावी. तुकडा २० बाय २० चा घ्या. एकूण ४०० बिंदू, म्हणजे खोली १००० ओलांडूच शकत नाही. तरीही एरर आली तर दोष मर्यादेचा नाही. खूण केलेल्या सेलवर फंक्शन परत परत जातंय. इथे पास झालं आणि मोठ्या तुकड्यावर अडकलं, तर खोलीच खरोखर जास्त आहे.

पायथनचं सेटरिकर्शनलिमिट वापरून आकडा वाढवता येतो, पण तो वाढवल्याने स्टॅकची (अर्धवट कॉल साठवायच्या जागेची) मेमरी वाढत नाही. पायथन ३.११ च्या आधी पायथनचा प्रत्येक कॉल सी भाषेच्या स्टॅकवरही जागा घेत असे. लिनक्सवर मुख्य थ्रेडला सहसा ८ एमबी मिळतात, विंडोजवर बऱ्याच प्रोग्रॅमना मुळात १ एमबी. मर्यादा लाखावर नेली की एरर जाते, आणि तिच्या जागी अख्खा पॅराव्ह्यूच बंद पडू शकतो. सेव्ह न केलेली स्टेट, म्हणजे कामाची सगळी मांडणी, त्याच्याबरोबर जाते. म्हणून असा प्रयोग करायचाच असेल तर आधी स्टेट सेव्ह करा. दुसरी गोची: पीव्हीसर्व्हरला (दुसऱ्या मशीनवर चालणारा पॅराव्ह्यूचा सर्व्हर) जोडून काम करत असाल तर प्रोग्रॅमेबल फिल्टर सर्व्हरवर चालतो. आपल्या लॅपटॉपच्या पायथन शेलमध्ये वाढवलेली मर्यादा त्याला माहीतच नसते. ती ओळ फिल्टरच्या स्क्रिप्टमध्येच हवी.

मी रिकर्शन काढूनच टाकलं. एक यादी घ्यायची, तिच्यात सुरुवातीचा क्रमांक टाकायचा. शेवटचा काढायचा, त्याचे पात्र शेजारी टाकायचे, यादी रिकामी होईपर्यंत. यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. खूण यादीत टाकतानाच करायची, काढताना नव्हे. नाहीतर एकच सेल चार बाजूंनी चारदा आत येतो. आणि बिंदू एका ओळीत क्रमांकलेले असतात, त्यामुळे शेजारी म्हणजे अधिक-उणे १ आणि अधिक-उणे ४००. यातला उणे १ फसवा. क्रमांक ४०० हा दुसऱ्या ओळीचा पहिला बिंदू. त्याचा ‘डावा’ शेजारी ३९९, म्हणजे पहिल्या ओळीचं पूर्वेकडचं टोक. स्तंभ क्रमांक वेगळा तपासला नाही तर पश्चिम कडेचं पाणी थेट पूर्व कडेला उगवतं.

४०० बाय ४०० ला ही यादी पुरते. एसआरटीएमच्या पूर्ण टाइलमध्ये (एक अंश बाय एक अंशाचा तुकडा) ३६०१ बाय ३६०१, म्हणजे १,२९,६७,२०१ बिंदू असतात. तिथे शुद्ध पायथनची वाट बघण्यात अर्थ नाही. सरळ थ्रेशोल्ड फिल्टर लावून सखल सेल निवडा आणि त्यावर कनेक्टिव्हिटी फिल्टर लावा, तो सलग भागांना वेगवेगळे क्रमांक देतो. खाडीचा क्रमांक (रीजनआयडी) बघून तेवढाच भाग ठेवा. फक्त, कनेक्टिव्हिटी कोपऱ्याला चिकटलेले सेलही जोडलेले धरते, चार शेजाऱ्यांचा कोड धरत नाही. त्यामुळे दोन्हींचे नकाशे थोडे वेगळे येणार, त्याला चूक समजू नये.

टाइलची सांधणी हे नवी मुंबईचं खास दुखणं. १९ अक्षांश आणि ७३ रेखांश नेरुळच्या दक्षिणेला, पाण्याजवळच एकमेकांना छेदतात, म्हणजे चार टाइल तिथे भिडतात. शेजारच्या टाइलची कडेची रांग दोन्हीकडे असते. टाइल पॅराव्ह्यूमध्ये नुसत्या अपेंड केल्या (एकापुढे एक जोडल्या) तर तिथे बिंदू दुहेरी राहतात, सेल शेजारी दिसतात पण बिंदू वाटून घेत नाहीत, आणि ७३ रेखांशावर खाडी चाकूने कापल्यासारखी दोन रीजनमध्ये तुटते. दुहेरी बिंदू एक करणारा क्लीन टू ग्रिड फिल्टर लावला की सांधते. त्याहून बरं म्हणजे आधीच जीडीएएल या नकाशा-डेटाच्या साधनाने सगळ्या टाइलचं एकच रास्टर (चौकटींचा नकाशा) करून घेणं. एसआरटीएमच्या जुन्या आवृत्तीत मोजणी न मिळालेल्या जागी -३२७६८ असतं, तेही ‘२ मीटरपेक्षा कमी’मध्ये बसतं, म्हणून थ्रेशोल्डला खालची मर्यादाही द्या.

व्हीएमडी या रेणू दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टीसीएल भाषा वापरणाऱ्यांनाही हाच १००० चा आकडा भेटतो. मॅटलॅब आणि ऑक्टेव्ह या गणिती भाषांचे मूळ आकडे ५०० आणि २५६. तिथेही यादीचाच मार्ग चालतो.

निकाल वाचताना डेटाचं वय लक्षात ठेवा. मोजणी फेब्रुवारी २००० ची आहे, आणि तिच्यात झाडांची उंचीही बरीचशी मिसळलेली आहे. खारफुटीचा पट्टा त्यामुळे जमिनीपेक्षा उंच दिसतो आणि पाणी तिथे अडल्यासारखं वाटतं. विमानतळासाठी कापलेली उलव्याची टेकडी या डेटात अजून जागच्या जागी आहे.