जत्रेच्या नाटकांच्या सीड्या आणि कर्नलमधला एसआर-मॉड

आमच्या फोंड्याकडे कितीतरी घरांत कपाटात जत्रेच्या नाटकांच्या, घुमट वाद्यावरच्या आरत्यांच्या सीड्या पडून आहेत. पूर्वी गावातलाच कोणीतरी शूटिंग करायचा आणि मग तीच सीडी घरोघर फिरायची, दुसरी कॉपी कुठेच नाही. आपल्याकडच्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते, म्हणून ज्यांच्याकडे असतील त्यांनी आताच कॉम्प्युटरवर काढून घ्या, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

चवथीला मावसभाऊ यूएसबीचा सीडी ड्राइव्ह घेऊन आला, म्हणाला हा गेला, लिनक्सवर दिसतच नाही. दिवा पेटत होता, ट्रे उघडत होता, मग गेला कसा? डीमेसेज, म्हणजे कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश दाखवणारी कमांड, बघितलं तर सीडी-रॉम आणि पुढे ड्राइव्हचं नाव असं नीट आलेलं, फक्त त्याखाली एसआर० ची, म्हणजे लिनक्स सीडी ड्राइव्हला देतं त्या नावाची, ओळ नाही. म्हणजे यूएसबीचा ड्रायव्हर आपलं काम करतोय, कर्नलला समोर सीडी ड्राइव्ह आहे हेही कळलंय, पण तो चालवणारा एसआर-मॉड हा ड्रायव्हर तिथे नाहीच.

कारण सोपं होतं. त्याने कर्नल स्वतः कंपाइल केलेला (कोडपासून बनवलेला), लोकलमॉडकॉन्फिग ही कमांड वापरून, आणि ती त्या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूल्स (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) ठेवते, बाकीची उडवते. तेव्हा ड्राइव्ह जोडलेला नव्हता, सीडी माउंट (फाइल्स वाचायला जोडलेली) नव्हती, मग एसआर-मॉड पण गेला आणि डेटा सीडीवरच्या फाइल्स वाचणारा आयएसओएफएस पण. तुम्ही असं करणार असाल तर आधी ड्राइव्ह लावा, डेटा सीडी माउंट करा, मग कमांड द्या. नाहीतर मेनूकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलचे पर्याय निवडायच्या मेनूत, डिव्हाइस ड्रायव्हर्स, त्यात स्कझी डिव्हाइस सपोर्ट, त्यात स्कझी सीडीरॉम सपोर्ट ऑन करा. ड्राइव्ह साटाचा (कॉम्प्युटरच्या आतल्या जोडणीचा) असो की यूएसबीचा, आज सगळे कर्नलमध्ये स्कझी या ड्राइव्हशी बोलायच्या पद्धतीच्याच वाटेने येतात म्हणून ते तिथे आहे. जुन्या गाइडमध्ये एचडीसी=आयडीई-स्कझी असं बूटला द्यायला सांगतात ते २.४ कर्नलच्या काळातलं, ते करू नका, जुना आयडीई (साटाच्या आधीची ड्राइव्ह जोडायची पद्धत) कोडच २०२१ मध्ये ५.१४ ला काढून टाकला.

त्याच मेनूत फाइलसिस्टिममध्ये आयएसओ ९६६० (डेटा सीडीवर फाइल्स मांडायची पद्धत) सोबत जोलिएट ही तिची पुरवणी पण ऑन करा, हे लोक विसरतात. विंडोजवर बर्न केलेल्या सीडीवर लांब नावं, देवनागरी नावं जोलिएटमध्ये असतात, ते नसेल तर सगळी तुटकी, छोटी नावं दिसतात. माउंट करताना आयओचारसेट=यूटीएफ८ द्या, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात.

ऑडिओ सीडी माउंट होत नाही, त्यावर फाइलसिस्टिमच नसते, ती सीडीपॅरानोइया या प्रोग्रामने थेट काढायची. आणि नाटकांच्या बहुतेक सीड्या व्हीसीडी (व्हिडिओ सीडी) असतात, त्यांची डॅट फाइल, म्हणजे व्हिडिओची फाइल, नुसती कॉपी करायला गेलात की इनपुट-आउटपुट एरर येतो आणि माणसाला वाटतं सीडी खराब. तसं नसतं, साध्या डेटा सेक्टरमध्ये (सीडीवरच्या एका तुकड्यात) २०४८ बाइट असतात, व्हिडिओच्या सेक्टरमध्ये २३२४, त्यामुळे साधं कॉपी चालत नाही, व्हीसीडीएक्सरिप हा प्रोग्राम वापरा.

डेटा सीडी खरंच अडकत असेल तर खराब सीडीतून डेटा काढणारा डीडीरेस्क्यू वापरा, ब्लॉक साइज २०४८ आणि मॅपफाइल (कुठवर वाचलं त्याची नोंद) द्यायचीच, मग मधेच लाइट गेली तरी पुढून सुरू होतं. त्याआधी बुरशी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको.