फोन वाजला आणि ती उठून उभी राहिली

मी सरकारी मानसिक आरोग्य कार्यक्रमात सोशल वर्कर आहे, जळगाव-धुळे पट्ट्यात. ठरलेल्या वारी आमची टीम तालुक्याच्या दवाखान्यात ओपीडी घेते. हे जिच्याबद्दल लिहितेय तिला विचारून लिहितेय, आणि गाव, कामधंदा, नातीगोती सगळं बदललंय, कुणी शोधायला जाऊ नये. पण जे घडलं ते असंच घडलं, आणि आमच्याच क्षेत्रातल्या माणसाकडून घडलं म्हणून मला ते गप्प बसून गिळता येत नाही.

कापूस वेचणीचे दिवस होते, त्या दिवसांत ओपीडी तशी कमी असते, बायका शेतातून निघतच नाहीत. ती भावासोबत आली. तिशीतली असेल, नवरा हायवेवर अपघातात गेलेला, पदरात एक मुलगी. भाऊच बोलत होता, "मॅडम, हिले झटका येतस." धुळ्याला नेऊन ईईजी, म्हणजे मेंदूची तपासणी, काढून झालेला, नॉर्मल. फिट येताना दिसते तसं काही नाही, बेशुद्ध पडत नाही, जीभ चावत नाही. मी तिलाच विचारलं की झटका म्हणजे नक्की काय होतं, तर म्हणाली डोक्यात करंट लागल्यासारखं होतं, मान वळवली की जास्त, चक्कर येते, झोप नाही, छाती धडधडते.

हे वर्णन आम्ही ऐकलेलं असतं. पॅरॉक्सेटीनसारखी डिप्रेशनची गोळी काही महिने चालू असेल आणि ती एकदम बंद केली तर बऱ्याच जणांना अगदी हेच होतं, म्हणून तर ती हळूहळू कमी करायची असते. तिची जुनी फाईल पाहिली, जळगावच्या सायकियाट्रिस्टची चिठ्ठी होती, गोळी तीच. "बंद कधी केली?" "पंधरा दिवस झाले." "कुणी सांगितलं?" गप्प.

मी भावाला बाहेर बसायला सांगितलं. आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला, स्क्रीनवर फक्त ‘सर’ एवढंच नाव, आणि ही बाई खुर्चीवरून उठून उभी राहिली, डोक्यावरून घसरलेला पदर वर घेतला आणि मग फोन उचलला. समोर कुणी नाही हो, नुसता फोन! सासरा दारात आल्यावर सून उठते ना, तशी. हळू आवाजात "हो सर, दवाखान्यात, भाऊ घेऊन आला, नाही सर, काही नाही सांगितलं सर" असं म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर सुद्धा थोडा वेळ उभीच होती. मी बसा म्हटलं तेव्हा बसली.

मी गोळीचं पुन्हा विचारलं तर म्हणे, "सरस्ले ईचारनं पडी," सरांना विचारावं लागेल. दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही असं सरांनी सांगितलंय, दोघांचं ऐकलं की मन फाटतं, उपचार बिघडतो.

इथे मला कळलं की हे साधं नाही. चांगला डॉक्टर, चांगला समुपदेशक कधीच म्हणत नाही की दुसऱ्याला विचारू नका, उलट आम्हीच म्हणतो सेकंड ओपिनियन घ्या, घरच्यांना घेऊन या. जो माणूस मदतीच्या नावाखाली तुमची बाकीची दारं बंद करतो त्याच्यापासून सावध राहायला हवं, मग तो डॉक्टर असो, क्लासचा सर असो, नाहीतर बाबा.

सगळं त्या दिवशी नाही कळलं, पुढच्या भेटींमध्ये थोडं थोडं करून बाहेर आलं, इथे एकत्र सांगते. नवरा गेल्यावर ती खचली होती. नात्यातल्या एका शिक्षकाने या सरांचं नाव सुचवलं. बाजारपेठेत वरच्या मजल्यावर ऑफिस, ‘समुपदेशन केंद्र’ असा बोर्ड, भिंतीवर सत्काराचे फोटो, शाळा-कॉलेजात व्याख्यानं देणारा माणूस. आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला तिला बरं वाटलंही. पहिल्यांदा कुणीतरी तासभर तिचं ऐकून घेतलं. तिथे तिने ती गोष्ट सांगितली जी आईला पण सांगितली नव्हती, की नवरा मारायचा, आणि तो गेल्याचा फोन आला तेव्हा दुःखाच्या आधी तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. एखादी बाई हे बोलून दाखवते तेव्हा ती स्वतःचा जीव समोरच्याच्या हातात देत असते. ते ऐकून घेणाऱ्याने पुढे आयुष्यभर जपायचं असतं, कामच ते आहे आमचं.

त्याने ते फोनवर रेकॉर्ड केलं. "तुझ्या प्रगतीसाठी" म्हणाला.

मग फी बंद झाली. तू माझ्या मुलीसारखी, तुझ्याकडून कसले पैसे घ्यायचे. लोकांना यात मोठेपणा दिसतो, मला यात धोका दिसतो, कारण फी होती तोवर ती पेशंट होती आणि तो पैसे घेऊन काम करणारा माणूस होता, हिशोब सरळ होता. फी गेली आणि उपकार आले. आणि उपकाराखाली दबलेली बाई नाही म्हणत नाही. रविवारी केंद्राची साफसफाई, कार्यक्रमाला खुर्च्या मांडणं, त्याच्या घरी सणाला स्वयंपाकाला, पुरणाचे मांडे करायला सुद्धा. रात्री साडेअकराला फोन, झोपलीस का, काय विचार चाललेत. अपघाताच्या दाव्याचे पैसे मिळाले तेव्हा केंद्र वाढवायचंय म्हणून सव्वा दोन लाख मागितले, तिने दिले, वर कोऱ्या स्टँपपेपरवर सही पण घेतली. भाऊ विचारायला लागला तर भाऊ स्वार्थी आहे, त्याचा पैशावर डोळा आहे. गोळ्यांनी मेंदू सुन्न होतो, त्या सोड, हे पण त्यानेच सांगितलं, आणि तो डॉक्टर नाही! रिलॅक्सेशन म्हणून दार लावून डोळे मिटायला लावायचा आणि खांद्यावर, पाठीवर हात फिरवायचा, हे तिने सगळ्यात शेवटी सांगितलं, माझ्याकडे न बघता.

मुलीच्या शाळेसाठी पैसे परत मागितले तेव्हा म्हणाला, तुझी रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, सासऱ्यांना ऐकवू का.

"मनीच चूक शे ताई," हे ती किती वेळा म्हणाली असेल. मीच गेले, मीच सांगितलं, मीच पैसे दिले. आणि मी दर वेळी एकच सांगितलं की तुमची नाही. त्या खोलीत दोघांची ताकद सारखी नव्हतीच, तुमचं सगळं त्याला माहीत, त्याचं तुम्हाला काही माहीत नाही, तुम्हाला झोप नाही आणि तो म्हणतो मी झोप आणून देतो. अशा ठिकाणी ‘ती हो म्हणाली होती’ याला अर्थ राहत नाही. कायद्याला सुद्धा हे कळतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ६८ आहे, अधिकाराच्या किंवा विश्वासाच्या नात्याचा गैरफायदा घेऊन बाईला शरीरसंबंधाला तयार केलं तर, तो बलात्कार ठरत नसला तरी, ५ ते १० वर्षं शिक्षा. हिच्या बाबतीत तिथवर गेलं नव्हतं, पण स्पर्शासाठी कलम ७४ आणि ७५ होती, रेकॉर्डिंगच्या धमकीसाठी ३५१, पैशाचं वेगळं.

पण त्या पहिल्या दिवशी हे काहीच सांगायची वेळ नव्हती. आमच्या डॉक्टरांनी तपासलं, गोळी परत सुरू केली, झटके कशाचे ते तिला आणि भावाला नीट समजावलं, की वेड नाही, फिट नाही, काही दिवसांत थांबेल. मी केसपेपर लिहीत होते तर ती एकदम म्हणाली, तुम्ही पण सगळं लिहून घेतात ना? तिच्या आवाजात भीती होती. मी पेपर फिरवून तिच्यासमोर ठेवला, पेन खाली ठेवलं आणि म्हटलं वाचा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, त्यात पेशंटला आपले कागद बघायचा हक्क आहे आणि आपली माहिती गुप्त राहण्याचा पण. तिने बोट ठेवून एकेक ओळ वाचली, बराच वेळ लागला, बाहेर लाईन वाढत होती, सिस्टर दोनदा डोकावून गेल्या. एका ओळीवर थांबली, तिथे मी सासरचा उल्लेख केला होता. हे राहू द्यायचं की काढायचं, तुम्ही सांगा, म्हटलं. काढा म्हणाली. उपचाराला त्याची गरज नव्हती, मी तिच्यासमोर रेघ मारून सही केली. त्यानंतर ती पाणी प्यायली. मगासपासून ग्लास समोर होता.

दुपारी तीनच्या सुमारास मला फोन आला, सरांचाच. नंबर कुठून मिळवला माहीत नाही. आवाज इतका गोड, "मॅडम, आपण एकाच क्षेत्रातले, म्हणून सांगतो, ती मुलगी जरा मॅनिप्युलेटिव्ह आहे, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटीचं सगळं चित्र आहे, अटेन्शनसाठी काहीही बोलते, तुम्ही गुंतू नका." माझ्या अंगावर काटा आला. तिने तक्रार करायच्या आधीच तिचं कुणी ऐकू नये याची सोय, आणि ती पण आजाराचं नाव वापरून! पेशंट आमच्याकडे आहे की नाही हे सुद्धा मी तुम्हाला सांगू शकत नाही असं म्हटलं, आणि विचारलं, तुमचा नोंदणी क्रमांक काय? तर हसून म्हणाले, अहो मी कुठे स्वतःला डॉक्टर म्हणवतो, मी तर समाजसेवक.

आता यातली गोम बघा. डॉक्टर असता तर मेडिकल कौन्सिलकडे तक्रार जाते, २००२ च्या आचारसंहितेत पेशंटशी गैरवर्तन हे स्पष्ट लिहिलेलं आहे, नाव रजिस्टरमधून काढता येतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असता तर त्यांची नोंदणी करणारी पुनर्वास परिषद आहे, १९९२ चा कायदा आहे. ‘समुपदेशक’ असा बोर्ड लावणाऱ्याला मात्र आमच्या बाजारपेठेत कुणी काही विचारत नाही. २०२१ ला संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा केंद्राचा कायदा झाला, त्यात समुपदेशन करणारे पण घेतलेत, पण तालुक्याच्या गावात त्याचा कुणाला पत्ता नाही. अंगात आणणारा भगत असेल तर लोक आता जरा बिचकतात, जादूटोणा विरोधी कायदा २०१३ पासून आहे आपल्याकडे. शर्ट इन केलेल्या, प्रमाणपत्र लावलेल्या माणसाबद्दल शंका घ्यायची तर लोकांना पाप वाटतं.

दवाखान्यात पण तेच. एक वरिष्ठ म्हणाले, मोठा माणूस आहे, ओळखी आहेत, तुम्ही लेखी देत बसू नका. त्यांचा राग नाही येत मला, पण पटलं नाही, मी दिलं लेखी. कारण एक गोष्ट तिने बोलता बोलता सांगितली होती, की शाळेच्या पोरी पण येतात तिथे, एकेकटीला आत बोलावतात. मोठ्या बाईच्या बाबतीत पोलिसात जायचं की नाही हे तिचं तिने ठरवायचं, मी तिच्यावर ढकलायला लागले तर मी पण त्या सरांसारखंच वागतेय. लहान मुलांचं तसं नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम १९ मध्ये गुन्हा घडल्याची माहिती असेल किंवा घडेल अशी भीती असेल तरी कळवावंच लागतं, आणि घडलेलं माहीत असून कळवलं नाही तर तो गुन्हा. तिचं नाव न घालता मी मुलांच्या मदतीच्या १०९८ नंबरवर फोन केला, बालकल्याण समितीला पत्र दिलं. त्यातून किती चौकशी झाली त्यावर मी समाधानी नाही, अजून पाठपुरावा करतेय.

तिने दोनेक महिने घेतले. झटके थांबले, झोप यायला लागली, आणि एक दिवस स्वतःच म्हणाली की वकील पाहिजे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, हे इथल्या बायकांना माहीतच नसतं. रेकॉर्डिंगची भीती होतीच. त्यावर तिने जे केलं ते मला सुचलं नसतं, सासऱ्यांना स्वतःच जाऊन सांगितलं. म्हातारा बराच वेळ काही बोलला नाही म्हणे, मग म्हणाला, त्याने मारलेलं मला माहीत होतं, माय. यानंतर त्या सरांच्या हातात काही उरलं नाही. तक्रार नोंदली गेली, स्टँपपेपर जप्त झाला, पैशातले काही परत आले, केस चालू आहे.

त्याचा बोर्ड मात्र अजून तिथेच आहे.

मागच्या महिन्यात एका शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला, दहावीच्या मुलांसाठी समुपदेशक सुचवा म्हणून. मी नावं दिली आणि सोबत तीन गोष्टी लेखी मागितल्या. शिक्षण आणि नोंदणीचे कागद आधी बघायचे, मुलाशी एकट्याने बोलणं चालेल पण दार उघडं आणि खोली बाहेरून दिसणारी, आणि शाळेबाहेर, फोनवर, घरी काही नाही. पहिल्या दोन लगेच कबूल झाले. तिसरीवर म्हणाले, "मॅडम, नंबर तर मुलं घेतातच हो." मी म्हटलं मग पालकांच्या ग्रुपवर आधी टाका की असं कुणी केलं तर शाळेला कळवा. मेसेज मीच लिहून पाठवलाय, अजून टाकलेला नाही, सोमवारी परत फोन करणार आहे.