सात जणांच्या चाव्या आणि फैजपूरचा एफ

आम्ही सात जण केळीवाले, रावेर-यावल पट्ट्यातले. कोणता व्यापारी काय भाव देतोय, कोणाचे पैसे अडकलेत, कोणाचा चेक परत आला हे सगळं आमचं मेलवर चालायचं. मागच्या वर्षी एकाचा मेल खताच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडाच राहिला आणि दोन दिवसांत व्यापारी आम्हालाच आमचे आकडे ऐकवायला लागले, तेव्हा डोकं फिरलं.

मग सगळ्यांनी कॉम्प्युटरवर थंडरबर्ड हे मेलचं सॉफ्टवेअर टाकलं, त्यात २०२० पासून ओपनपीजीपी, म्हणजे मेलला कुलूप लावायची सोय, आतच येते. प्रत्येकाच्या दोन चाव्या, पब्लिक की सगळ्यांना वाटायची, त्याने फक्त कुलूप लागतं, उघडायची प्रायव्हेट की आपल्याजवळच. एवढं मी चार वेळा सांगितलं तरी आमच्यातल्या नानांनी प्रायव्हेट कीचीच बॅकअप फाईल सगळ्यांना पाठवली, पासवर्डसकट, आणि वर लिहिलं "चावी मिळाली का कळवा". आता ती रद्द करून नवी बनवा. नाना दोन दिवस फोन उचलेनात.

खरी मजा फिंगरप्रिंटला आली, बोटाचा ठसा नव्हे, चावीची ओळखखूण. आलेली की खरंच त्याच माणसाची आहे का हे पाहायला ४० अक्षरं जुळवायची, आकडे आणि ए ते एफ. रात्री कॉन्फरन्स कॉल लावला, एकाने वाचायचं बाकीच्यांनी टिक करायचं, पण फोनवर बी, डी, ई सगळं सारखंच ऐकू येतं भो! तिसऱ्यांदा चुकल्यावर आबा वैतागून म्हणाले, "अरे, गावं सांगा ना!" मग काय, अमळनेर, भुसावळ, चोपडा, धुळे, एरंडोल, फैजपूर, सहाच्या सहा अक्षरं खान्देशात बसली. "सात, फैजपूर, फैजपूर, दोन, एरंडोल..." असं चाललेलं, आमची मंडळी विचारते एवढ्या रात्री गाडी कुठं पाठवताय.

मला वाटायचं मेल सहा जणांना जातो म्हणजे सहा वेळा लॉक होत असेल. तसं नाही. मेल एकदाच, एका तात्पुरत्या चावीने बंद होतो आणि ती चावी प्रत्येकाच्या पब्लिक कीने वेगवेगळी गुंडाळून सोबत जाते. म्हणून एकाची जरी की नसली तर थंडरबर्ड एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूप लावून, पाठवतच नाही, अडून बसतं. नानांची नवी की येईपर्यंत आम्ही सगळे अडकलेलो ते यामुळेच.

आता ब्राउझरमध्ये कोणी मेल उघडला तर नुसता अक्षरांचा भुसा दिसतो. कोणी कोणाला पाठवला ते मात्र दिसतंच, आणि एकाने फोनवरच्या ॲपवरून पाठवलं तर सब्जेक्ट उघडाच गेला, त्यात व्यापाऱ्याचं नाव! म्हणून आता सब्जेक्टमध्ये आम्ही फक्त "पाऊस" लिहितो. आतल्याच माणसाने वाचून बाहेर सांगितलं तर कोणतीच की कामाची नाही, ते वेगळं.

दिवाळीनंतर एकाच्या पोराने लॅपटॉप फॉरमॅट मारला, प्रायव्हेट की गेली, बॅकअप नव्हता, जुने मेल समोर दिसतात पण उघडत नाहीत. नवी की बनवली, परत ४० अक्षरं, परत भुसावळ-एरंडोल. आबांनी त्याच रात्री आपली की पेनड्राइव्हवर घेतली आणि सातबाऱ्याच्या फाईलीत, कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवली.