आधी मात, मग हत्ती

“सर, हत्ती फुकट देऊन टाकायचं तुम्हाला सुचतं तरी कसं?” अशोक चौकाच्या अलीकडे असलेल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडला की हा प्रश्न हमखास येतो. शिकायला येणारी मुले विचारतात, त्यांना न्यायला आलेले पालक विचारतात, आणि एकदा तर दूध घालायला आलेला माणूस कॅन खाली ठेवून पाच मिनिटे पटाकडे पाहत राहिला आणि त्यानेही हेच विचारले. विचारणाऱ्याचा समज असा असतो की, ही कल्पना वीज चमकावी तशी डोक्यात येते आणि ज्याच्या डोक्यात येते तो जन्मजात हुशार असतो. माझ्या बाबतीत यांतले काहीही खरे नाही. सगळेच विचारतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हत्ती द्यावा असे मला कधीच सुचत नाही; सुचते ती मात. हत्तीची किंमत पाच प्याद्यांएवढी धरतात आणि वजीर सोडला तर त्याहून मोलाचा मोहरा पटावर नाही, म्हणून कुठे देता येईल असे शोधत त्याच्याकडे पाहत बसलो तर मन देण्याला राजी होत नाही. मी पाहतो तो समोरचा राजा. त्याला पळायला कोणकोणती घरे आहेत, त्यांतली किती माझ्या मोहऱ्यांनी धरली आहेत, किती त्याच्याच माणसांनी अडवली आहेत, आणि मात व्हायला नेमके काय कमी पडते आहे, एवढाच हिशेब मी करतो. कमी पडणारी गोष्ट बहुधा एकच असते. एखादे प्यादे मध्ये उभे असते, एखादा राखणदार जागेवरून हलत नसतो, किंवा राजाच एक घर आत बसलेला असतो. ती अडचण दूर करण्याची किंमत हत्ती असेल, तर हत्ती जातो.

एक मांडणी घेऊ. आपण पांढरे; पटाच्या उभ्या रांगा आपल्या डावीकडून ए ते एच आणि आडव्या आपल्या बाजूने एक ते आठ अशा मोजू. काळा राजा एच-८ च्या कोपऱ्यात आहे. त्याच्यापुढे एफ-७, जी-७ आणि एच-७ वर त्याची प्यादी आहेत आणि एफ-८ वर त्याचा हत्ती आहे. त्याचा वजीर बी-२ वर आहे आणि तो बी-१ वर उतरला की दोन खेळ्यांत आपल्यावर मात आहे, म्हणजे सावकाश काही करायला सवड नाही. आपला राजा जी-१ वर, त्याच्यापुढे त्याची तीन प्यादी, घोडा ई-७ वर, एक हत्ती एच-५ वर आणि दुसरा डी-३ वर. आता घोड्याकडे पाहा. तो जी-८ आणि जी-६ ही दोन्ही घरे धरून बसला आहे. समजा काळा राजा एच-७ वर उभा असता आणि काठाच्या उभ्या रांगेत आपला हत्ती आला असता, तर त्याला जायला जागाच नव्हती: जी-७ वर त्याचेच प्यादे, जी-८ आणि जी-६ वर घोड्याची नजर, एच-६ आणि एच-८ हत्तीच्या रांगेत. म्हणजे मात तयार आहे. फक्त राजा एका घराने मागे आहे आणि मध्ये प्यादे आहे. एच-५ वरचा हत्ती एच-७ वरचे प्यादे मारून शह देतो, राजाला तो मारण्यावाचून गत्यंतर नसते, आणि राजा नेमका हवा त्या घरात येतो. मग डी-३ वरचा हत्ती एच-३ वर येतो आणि डाव संपतो. मात करण्याच्या या नमुन्याला ॲनास्तासियाची मात म्हणतात; १८०३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन कादंबरीवरून हे नाव पडले.

आमच्या शेजारच्या अण्णांना हे एकदा सांगत होतो. चादरींवरची नक्षी काढण्यात त्यांचे सगळे आयुष्य गेले आहे. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून मोर किंवा कमळ पूर्ण करायचे, मग त्यावरून जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्यांना भोके पाडायची आणि त्यानंतर मागावर धागा चढवायचा, असा त्यांचा क्रम. माझे ऐकून ते म्हणाले, “मोर कसा दिसणार ते कागदावर नसेल तर पहिलं भोक कुठं पाडायचं ओ?” आणि चहा पिऊ लागले. मी पुढे काही बोललो नाही, कारण पुढे बोलण्यासारखे काही उरले नव्हते.

राखणदाराला हटवण्यासाठी दिलेल्या हत्तीचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण १९०७ साली आजच्या पोलंडमधल्या लोड्झ शहरात झालेल्या रॉटलेवी आणि अकिबा रुबिनस्टाइन या बुद्धिबळपटूंच्या डावातले आहे. काळ्या बाजूने खेळणाऱ्या रुबिनस्टाइनने एका हत्तीने सी-३ वरचा घोडा मारला आणि स्वतःचा वजीर उघडा ठेवला. रॉटलेवीने तो वजीर घेतल्यावर रुबिनस्टाइनने दुसरा हत्ती डी-२ वर नेऊन ठेवला, पांढऱ्या वजिराच्या थेट तोंडात. हा दुसरा हत्ती काही मारत नाही, शहसुद्धा देत नाही, म्हणून नवख्याला ती खेळी वेडेपणाची वाटते. पण ई-४ वरच्या उंटाला राखणारा पांढरा वजीर ई-२ वर होता, आणि तो हत्ती मारण्यासाठी तिथून हलला की उंटाचा वाली कुणी उरत नव्हता. वजीर हलला, रुबिनस्टाइनच्या उंटाने ई-४ वर मारून शह दिला, पांढरा वजीर मध्ये पडून जागीच जखडला गेला, आणि सी-३ वरचा हत्ती एच-३ वर जाऊन उभा राहताच रॉटलेवीने डाव सोडला.

ही हौस आजकालची नाही. जुन्या अरबी हस्तलिखितांतले दिलारामचे कोडे प्रसिद्ध आहे. त्याची दंतकथा अशी की, एका राजपुत्राने सगळे हरल्यावर पत्नी दिलारामला पणाला लावले. डाव हातचा जातो असे दिसताच तिने सुचवले की, दोन्ही हत्ती द्या, मला देऊ नका. ही गोष्ट सांगितली की आमच्याकडची मुले लगेच धर्मराजाचे नाव घेतात, आणि द्यूतसभेत असा सल्ला ऐकणारे कुणी असते तर काय झाले असते यावर पाच-दहा मिनिटे जातात. कोड्यात खरोखरच दोन्ही हत्ती जातात आणि शेवटी एक प्यादे आणि एक घोडा मिळून मात करतात. गंमत अशी की, अरबीत ‘फील’ म्हणजे हत्ती, पण त्यांचा फील उभा असतो आपल्या उंटाच्या जागी. बळी गेलेल्या आपल्या हत्तींना ते ‘रुख’ म्हणतात.

आता माझी फजिती. वर जी मांडणी सांगितली, जवळजवळ तीच मला पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका स्पर्धेत प्रत्यक्ष डावात मिळाली. एप्रिलचा महिना, पत्र्याचे छप्पर, आणि पंखे असून नसल्यासारखे. मी हत्ती एच-७ वर आपटला तो आवाज शेजारच्या पटापर्यंत गेला असावा, कारण तिकडच्या दोघांनी माना वळवल्या. राजाने हत्ती घेतला. मी दुसरा हत्ती डी-३ वरून एच-३ वर नेला आणि हात पुढे करणार, तोच समोरच्या शाळकरी मुलाने सी-८ वरचा उंट उचलून माझा हत्ती मारला. तो उंट डावाच्या सुरुवातीपासून आपल्या मूळ घरातून हललाच नव्हता, म्हणून मी त्याला मोजलेच नव्हते. सी-८ पासून एच-३ पर्यंतची तिरकी वाट साफ मोकळी होती. माझ्याकडे एक घोडा उरला, त्याच्याकडे वजीर आणि हत्ती. मी हार मानून, सही करून उठलो.

घरी बसलेला आणि डावात खेळणारा यांच्यातला फरक मला त्या दिवशी कळला. कोडे हातात आले की त्यात काहीतरी आहे हे आधीच माहीत असते. डावात खांद्याला हात लावून ‘इथे थांब, बघ’ असे कुणी सांगत नाही. म्हणूनच दिवसाला पन्नास कोडी झपाझप उरकणाऱ्या मुलांचे मला फारसे कौतुक नाही. पहिली खेळी चमकदार दिसली की ती खेळून बघायची आणि चुकली तर दुसरी, ही सवय डावात महागात पडते. मी मुलांना चारच कोडी देतो, मोहऱ्यांना हात लावू देत नाही, आणि शेवटची खेळी सांगितल्यावरच पहिली विचारतो. त्यातही समोरच्याचे सगळे मोहरे मोठ्याने मोजून घेतो, घरात झोपलेले आधी.

मागच्या आठवड्यात माझी हरलेली मांडणी मी उंटासकट एका दहा वर्षांच्या मुलीपुढे ठेवली. तिने बराच वेळ पाहिले, सी-८ वर बोट ठेवून डी-७, ई-६, एफ-५, जी-४, एच-३ असे तिरके मोजले आणि म्हणाली, “सर, इथं हत्ती द्यायचा नाही.” मग मला न विचारता तिने मांडणीच बदलून डी-३ वरचा हत्ती एक घर पुढे सरकवला, डी-४ वर, म्हणजे काळ्या वजिराच्या माऱ्यात, पुन्हा उंटाच्या वाटेवरून बोट फिरवले, आणि एच-४ त्या वाटेवर येत नाही याची खात्री करून घेतली. “आता देतो की,” असे म्हणून तिने एच-५ वरचा हत्ती उचलला.