सर्वांत शेवटी येणारा पैसा

अमेरिकेतील महापालिका परवडणारी घरे बांधणाऱ्या विकासकांना पैसे देतात, असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा अनुदानाचा धनादेश येतो. बहुतेक वेळा ते अनुदान नसते, कर्ज असते. आणि कर्जही असे, की ते वेळच्या वेळी फिटेल अशी खुद्द देणाऱ्याचीच फारशी अपेक्षा नसते. कॅलिफोर्नियातील एका ना-नफा विकासक संस्थेच्या हिशेब विभागात काही वर्षे काम करताना अशा कर्जांच्या पुष्कळ फायली माझ्या हाताखालून गेल्या. महापालिका किती रक्कम देते यापेक्षा ती कधी देते यावर इमारतीचे भवितव्य अधिक अवलंबून असते, हे माझे मत त्या फायलींनीच बनवले.

प्रत्येक प्रकल्पाची सुरुवात एका तक्त्यापासून होते. एका बाजूला पैसा कुठून येणार, दुसऱ्या बाजूला तो कुठे खर्च होणार, आणि तळाशी एक ओळ: तूट. समजा, ६० घरांच्या इमारतीचा एकूण खर्च २ कोटी ४० लाख डॉलर आहे. रहिवाशांचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असावे लागते आणि त्या मर्यादेच्या सुमारे ३० टक्क्यांच्या हिशेबाने भाडे बांधले जाते. त्यामुळे देखभाल, विमा, व्यवस्थापन आणि राखीव निधी वजा जाता जे उरते, त्यावर बँक जेमतेम ३४ लाखांचे कर्ज देते. उरलेल्या रकमेचा मोठा भाग केंद्राच्या करसवलत योजनेतून उभा राहतो. १९८६ च्या करसुधारणा कायद्याने ही योजना सुरू झाली. तिच्यात गुंतवणूकदार भांडवल आधी घालतो आणि त्याला दहा वर्षे करात सूट मिळत राहते. खर्चापैकी २ कोटी १० लाख सवलतीस पात्र धरले आणि सवलतीच्या प्रत्येक डॉलरमागे गुंतवणूकदार ८५ सेंट देतो असे मानले, तर नऊ टक्क्यांच्या प्रकारात, म्हणजे दर वर्षी पात्र खर्चाच्या नऊ टक्के सूट मिळते त्या प्रकारात, सुमारे १ कोटी ६० लाख हाती येतात आणि तूट ४६ लाखांची राहते. तीच इमारत चार टक्क्यांच्या प्रकारात बसवली, तर भांडवल ७१ लाखांवर उतरते आणि तूट १ कोटी ३५ लाख होते. नऊ टक्क्यांची सवलत मर्यादित असल्यामुळे तिच्यासाठी चुरस असते. ज्यांच्या व्याजावर कर नसतो अशा करमुक्त रोख्यांबरोबर येणारी चार टक्क्यांची त्या मानाने सहज मिळते. म्हणजे विकासकाला जी वाट सोपी, तीच महापालिकेच्या तिजोरीला जवळजवळ तिप्पट महाग पडते.

ही तूट भरण्यासाठी महापालिका पैसा आणते कुठून? काही केंद्राकडून येतो. १९७४ पासूनचा समुदाय विकास निधी आहे, पण तो सहसा नव्या घरांच्या बांधकामावर खर्च करता येत नाही. जमीन, पाडकाम, जुन्या इमारतींची दुरुस्ती यांसाठी तो वापरला जातो. १९९० च्या कायद्यातून आलेला ‘होम’ निधी बांधकामालाही चालतो. काही शहरे मात्र स्वतःच्या नागरिकांकडे मत मागतात. सिएटलचे मतदार १९८१ पासून घरांसाठी वेळोवेळी कौल देत आले आहेत. २०२३ मध्ये त्यांनी सात वर्षांसाठी ९७ कोटी डॉलरचा मालमत्ता कर मंजूर केला. सॅन फ्रान्सिस्कोने २०१९ मध्ये ६० कोटींचे रोखे मंजूर केले. लॉस एंजेलिसने २०१६ मध्ये १२० कोटींचे रोखे स्वीकारले आणि २०२२ मध्ये ५० लाख डॉलरपेक्षा महाग मालमत्तेच्या विक्रीवर चार टक्के, तर एक कोटीच्या वर साडेपाच टक्के कर लावण्याचा निर्णय मतपेटीतून घेतला. घर विकताना तोटा झाला तरी हा कर भरावा लागतो. त्यावरचा वाद अजून शमलेला नाही.

प्रत्येक पैशाला त्याच्या अटी चिकटलेल्या असतात. एका इमारतीत ‘होम’ निधीची १२ किंवा अधिक घरे आली की साऱ्या बांधकामाला केंद्राने ठरवलेले वेतनदर लागू होतात आणि खर्च वाढतो, म्हणून अर्जात अकराच घरे दाखवणारे विकासक आढळतात. यात लबाडी नाही, हिशेब आहे. याहून जाचक अट पर्यावरण तपासणीची. केंद्राच्या निधीसाठी अर्ज केल्यानंतर ती तपासणी पूर्ण होऊन मंजुरी येईपर्यंत विकासकाने जमीन खरेदी करायची नसते. आमच्या एका प्रकल्पात जमीनमालक घायकुतीला आला होता, मुदत संपत होती, आणि आमच्याकडच्या एका उत्साही माणसाने खरेदीखतावर सही करून टाकली. त्या एका सहीने केंद्राचा पैसा गेला. महापालिकेने स्वतःच्या निधीतून भरपाई करेपर्यंत जवळपास वर्ष उलटले, आणि तेवढ्या काळात ठेकेदाराने दर वाढवले.

वेळेचा मुद्दा येतो तो इथेच. केंद्राची करसवलत राज्यामार्फत वाटली जाते. तिच्यासाठी राज्याकडे अर्ज करताना स्थानिक निधीचे हमीपत्र जोडले तर बाजू भक्कम होते; महापालिका म्हणते, आधी सवलत मिळू दे, मग आम्ही रक्कम पक्की करू. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि फाइल टेबलावर पडून राहते. मधल्या काळात वास्तुविशारद, वकील, जमिनीच्या इसाराची मुदतवाढ आणि अल्पमुदतीच्या कर्जाचे व्याज हा सारा खर्च त्याच तक्त्यात चढत जातो, आणि तूट वाढली की ती भरायला पुन्हा महापालिकेच्याच दारात जावे लागते. स्वतःच्या उशिराची किंमत महापालिका स्वतःच मोजते, फक्त ती वेगळ्या रकान्यात लिहिली जात नाही. माझ्या मते महापालिकेने सर्वांत आधी यावे: जमीन स्वतः घेऊन नाममात्र भाडेपट्ट्याने द्यावी, किंवा निदान सशर्त हमीपत्र तरी पहिल्या महिन्यात द्यावे. प्रकल्प बारगळला तर पैसा अडकेल अशी भीती अधिकाऱ्यांना वाटते आणि ती खोटी नाही. पण जमीन महापालिकेच्या नावावर असेल, तर अडकलेला पैसाही निदान तिच्याच मालकीचा राहतो.

ज्या कर्जाविषयी हे सारे चालते, त्याचा शेवट कसा होतो? आमच्याकडची अशी कर्जे बहुधा ५५ वर्षांची, तीन टक्के सरळ व्याजाची असत. हप्ता नसे. दर वर्षी लेखापरीक्षण झाले की मी एक पत्रक भरायचो: भाडे जमा, खर्च वजा, बँकेचा हप्ता वजा, राखीव निधी वजा, आणि काही उरलेच तर त्यातला ठरलेला वाटा महापालिकेला. कितीतरी वर्षे त्या शेवटच्या चौकटीत मी शून्य लिहिले आहे. ४६ लाखांच्या कर्जावर ५५ वर्षांत सुमारे ७६ लाख व्याज चढते आणि कागदावर १ कोटी २२ लाखांचे येणे दिसते. ते वसूल करायचे म्हटले तर भाडेकरूंना उठवून इमारत विकावी लागेल, हे महापालिकेलाही ठाऊक असते. म्हणून मुदत संपत आली की ती कर्जाला आणखी काही दशके वाढवून देते, आणि बदल्यात भाड्यावरचे बंधनही तितकीच वर्षे वाढवून घेते.